वाचक विचारतात : सभागृहातली प्रार्थना

प्रश्न : आमच्या मंदिरातल्या गुरुजींना वॉशिंग्टनच्या प्रतिनिधीगृहात प्रार्थना म्हणायला मिळावी, अशी मंडळाची इच्छा आहे. अर्ज कुठे करायचा? – एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : अर्ज गुरुजींनी करायचा नसतो, मंडळानेही नाही. तुमच्या मतदारसंघाच्या प्रतिनिधीने सभागृहाच्या चॅप्लिनकडे (सभागृहाने नेमलेल्या धर्मगुरूकडे) त्यांचे नाव सुचवायचे असते. एका सदस्याला एका काँग्रेसच्या (अमेरिकी संसदेच्या) काळात, म्हणजे दोन वर्षांत, प्रार्थनेसाठी एकच पाहुणा सुचवता येतो. त्याच जागेसाठी शेजारचे चर्च आणि सिनेगॉगही रांगेत असणार. त्यामुळे नवी काँग्रेस विषम वर्षाच्या जानेवारीत सुरू झाली की लगेच प्रतिनिधीच्या कार्यालयात विषय काढावा.

अडते ते बहुधा 'ऑर्डिनेशन'पाशी. रीतसर दीक्षित धर्मगुरू असल्याचा दाखला ही ख्रिस्ती धाटणीची अपेक्षा. आपल्याकडे असा कागद क्वचितच असतो. वेदपाठशाळेचे प्रमाणपत्र आणि मंदिराच्या विश्वस्तांचे नेमणूकपत्र सुरुवातीलाच जोडावे. ही अट हलकी समजू नये. नास्तिक कार्यकर्ते डॅन बार्कर यांना प्रार्थनेची संधी नाकारली गेली, त्या खटल्यात २०१९ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने सभागृहाचीच बाजू घेतली.

प्रश्न : कोणते मंत्र म्हणावेत? पूर्ण शांतिपाठ चालेल का? – एक वाचक, टेक्सस

उत्तर : चालणार नाही. मर्यादा १५० शब्दांची आहे आणि मजकूर आधी लेखी द्यावा लागतो. संथ वाचले तर हे दीड मिनिटाचे काम. त्यात संस्कृत, त्याचा इंग्रजी अर्थ आणि स्वतंत्र प्रार्थना, सगळे बसवायचे.

'असतो मा सद्गमय' सगळ्यांना आधी सुचते. पदे सुटी मोजली तर मूळ बारा शब्द, इंग्रजी अर्थ सोळा-सतरा. मात्र मुळात 'मा' म्हणजे 'मला' आहे. इंग्रजीत ते 'आम्हाला' करून घ्यावे लागते. आमच्या मते ऋग्वेदाच्या शेवटच्या सूक्तातले 'संगच्छध्वं संवदध्वं सं वो मनांसि जानताम्' अधिक चपखल. सहा शब्द, आणि 'वः' म्हणजे 'तुमची', थेट समोरच्या सदस्यांना उद्देशून. पुढच्याच ऋचेत 'समितिः समानी' येते; सभागृहासाठी याहून नेमके काय हवे? अर्थाचे दहा-बारा शब्द आणि शेवटचे 'ॐ शांतिः' त्रिवार धरूनही सव्वाशेच्या आसपास शब्द उरतात.

त्या उरलेल्या जागेतच घोटाळा होतो. पक्षीय मत, पंथांमधले वाद आणि देशी-परदेशी धोरणाची सूचक छटासुद्धा चालत नाही. व्हिसा, मंदिरांवरचे हल्ले, भारत-अमेरिका मैत्री हे सारे वगळा. प्रायोजक सदस्याची स्तुतीही नको. गुरुजींचा परिचय करून देणे हे त्याचे काम. मंजूर मजकुरात ऐनवेळी भर घालू नये. संस्कृत ओळी रोमन लिपीतही लिहून द्याव्यात, म्हणजे कामकाजाच्या अधिकृत इतिवृत्तात, 'काँग्रेशनल रेकॉर्ड'मध्ये, त्या विचित्र छापल्या जाणार नाहीत.

प्रश्न : पगडी घालता येईल का? – एक वाचक, इलिनॉय

उत्तर : हो. सभागृहात टोपीवर १८३७ पासून बंदी होती. २०१९ मध्ये धार्मिक शिरोवेष्टनाला सूट मिळाली. आरती-निरांजनाचा बेत मात्र सोडा. ही फक्त म्हणायची प्रार्थना आहे.

प्रश्न : कुणी आक्षेप घेतला तर? – एक वाचक, ओहायो

उत्तर : तुमच्याच राज्यातल्या पार्माच्या शिव-विष्णू मंदिराचे पुजारी वेंकटाचलपती समुद्राला यांनी १४ सप्टेंबर २००० रोजी प्रतिनिधीगृहात पहिली हिंदू प्रार्थना म्हटली. त्याच दिवशी पंतप्रधान वाजपेयींचे काँग्रेसपुढे भाषण होते. काँग्रेसच्या दुसऱ्या सभागृहात, सिनेटमध्ये, ती वेळ १२ जुलै २००७ ला आली. तेव्हा राजन झेद यांच्या प्रार्थनेत प्रेक्षक सज्जातून तिघांनी आरडाओरडा केला. त्यांना बाहेर काढून अटक झाली आणि प्रार्थना पुढे पार पडली. असे झाले तर गुरुजींनी थांबावे, सज्जाकडे पाहू नये, उत्तर देऊ नये आणि शांतता झाल्यावर पुन्हा सुरू करावे.

कायद्याची बाजू भक्कम आहे. नेब्रास्काच्या विधिमंडळातील प्रार्थना सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये वैध ठरवली, आणि २०१४ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या ग्रीस गावाच्या खटल्यातही, पाच विरुद्ध चार मतांनी, तोच कौल दिला. अट एवढीच, की प्रार्थनेच्या संधीचा वापर धर्मप्रचारासाठी किंवा दुसऱ्या श्रद्धेला कमी लेखण्यासाठी होऊ नये. राज्यांच्या विधिमंडळांचे शब्द-वेळेचे नियम वेगवेगळे असतात. ते तिथल्या आमदाराच्या कार्यालयातून लेखी मागवून घ्या.