सबमिशनला आजीचे हातच का येतात?

या वेळी आलेल्या पत्रांत कलामहाविद्यालयांत शिकवणाऱ्यांची पत्रं जास्त आहेत. बहुतेकांची अडचण एकाच ठिकाणी आहे. रोजचं जगणं वर्गात आणायचं हे सगळ्यांना पटलंय, पण आणलं की ते एकतर गुळगुळीत होतं किंवा हाताबाहेर जातं.

प्रश्न : तिसऱ्या वर्षाच्या चित्रकलेच्या वर्गाला ‘रोजच्या जगण्यातला विषय घ्या’ असं सांगितलं. निम्म्यांनी आजीचे सुरकुतलेले हात, खिडकीवरचा पाऊस नाहीतर रिकामी खुर्ची आणली. कामं वाईट नाहीत, पण त्यात त्यांचं जगणं कुठे दिसत नाही. माझं सांगण्यात काही चुकतंय का?

उत्तर : हो, सांगण्यातच चुकतंय. ‘विषय’ म्हटलं की विद्यार्थी आधी पाहिलेल्या चित्रांकडे वळतो. आजीचे हात त्याने घरी पाहिलेत, पण कागदावर उतरतात ते प्रदर्शनात पाहिलेले. म्हणून विषय मागू नका, कृती मागा. तीही नेमकी हवी : रोज होणारी, दहा मिनिटांच्या आत संपणारी, स्वतःच्या हाताने होणारी. कुलूप लावणं, चष्मा पुसणं, कपड्यांच्या घड्या घालणं, पिशवीत किल्ली शोधणं. ‘रोजचा प्रवास’ चालणार नाही. तो फार मोठा आहे. ‘उतरायच्या आधी जागेवरून उठणं’ चालेल.

दोन आठवडे धरा. पहिल्या दिवशी कृती निवडायची आणि ती न करता, फक्त आठवून, पंधरा मिनिटं लिहायची. तो कागद पाकिटात बंद. पुढचे सात दिवस कृती करायची आणि लगेच पाच मिनिटं नोंद करायची. नोंदीचा नियम एकच, पण कडक : विशेषणं नाहीत, भावना नाहीत. कुठला हात, किती वेळा, किती सेकंद, आवाज कसला, नजर कुठे, काय राहून गेलं, एवढंच. नवव्या दिवशी पाकीट उघडायचं आणि आठवण व नोंद शेजारी ठेवून फरकाखाली रेघा मारायच्या. उरलेल्या दिवसांत त्यातला एकच फरक घेऊन काम करायचं. माध्यम एक, आकार दोन हात पसरून मावेल एवढा, आणि मूळ वस्तू जशीच्या तशी दाखवायची नाही.

घडीचंच उदाहरण घ्या. आठवणीच्या कागदावर असतं, ‘शर्टाची नीट घडी घालते.’ नोंदीत येतं ते असं : आधी कॉलरचं बटण लावलं, शर्टाचा मध्य हनुवटीखाली दाबला, डावी बाही आधी, मग उजवी, 41 सेकंद. चौथ्या दिवशी घडी अर्धं बोट सरकली म्हणून पूर्ण उलगडून पुन्हा घातली. टॉवेलच्या वेळी हनुवटी लागली नाही. आता ही हनुवटी आठवणीत कधीच नव्हती. हनुवटी हा तिसरा हात झाला, हे कळल्यावर चित्र कुठून सुरू करायचं हे त्या मुलीला कुणी सांगावं लागत नाही.

बिघडतं ते ठरलेल्या जागी. सात दिवसांच्या नोंदी एका बैठकीत लिहिल्या जातात. सारख्या लांबीच्या नोंदी, एकच शाई, एकही खाडाखोड नाही, अशी वही दिसली की समजायचं. उपाय साधा आहे : रोज स्टुडिओत आल्यावर पहिली दोन मिनिटं त्या दिवसाचं पान टेबलावर उघडं ठेवायचं. दुसरी अडचण मोबाइलची. व्हिडिओ काढला की कॅमेरा बघतो आणि विद्यार्थी बघायचं सोडतो. पहिले सहा दिवस व्हिडिओ बंद ठेवा. नोंदीच्या सातव्या दिवशी एकदाच काढू द्या, तोही स्वतःची नोंद तपासायला.

आणि दिवस चुकले तर? चुकलेला दिवस लपवायचा नाही, कोरं पान सोडायचं आणि कारण एका शब्दात लिहायचं. तेहचिंग शे या कलावंताने एप्रिल 1980 ते एप्रिल 1981 असं वर्षभर दर तासाला हजेरीच्या घड्याळात कार्ड घातलं. वर्षाचे 8,760 तास. त्यातले 133 चुकले आणि त्या चुकांचाही हिशेब त्याने कामातच मांडला : 94 वेळा झोप लागली, 29 वेळा उशीर झाला, 10 वेळा घाई झाली. वर्षभरात माणूस कसा जगला असेल, हे त्या चुकांमधूनच अधिक कळतं.

प्रश्न : ‘स्वतःच्या अनुभवावर काम करा’ म्हटलं की काही विद्यार्थी फारच खाजगी गोष्टी मांडतात. एका सादरीकरणात बोलता बोलता विद्यार्थिनीला रडू आवरेना आणि वर्ग गप्प झाला. अशा वेळी थांबवायचं की बोलू द्यायचं?

उत्तर : त्या क्षणी थांबायचं. ‘पाच मिनिटांची सुट्टी घेऊ’ म्हणायचं, वर्ग बाहेर पाठवायचा आणि तिला विचारायचं की पुढे चालू करायचं, दुसऱ्या दिवशी करायचं की फक्त काम दाखवायचं. तिने तिसरा पर्याय घेतला तरी गुण कापायचे नाहीत. चौकशी करत बसू नका. शिक्षक म्हणजे समुपदेशक नव्हे. महाविद्यालयात समुपदेशक असेल तर नाव आणि वेळ लिहिलेली चिठ्ठी हातात द्यावी, तोंडी सल्ला देऊन सोडू नये.

खरी तयारी मात्र सत्राच्या पहिल्या दिवशीची. आमच्या मते तीन गोष्टी लेखी हव्यात. कुठल्याही कामामागची हकिगत सांगणं ऐच्छिक आहे. प्रत्येक असाइनमेंटला बिनखाजगी पर्याय आहे, म्हणजे स्वतःच्या घराऐवजी जिना, थांबा, वाचनालयातलं टेबल. आणि वर्गात ऐकलेलं वर्गाबाहेर जाणार नाही. पर्याय देताना तो ‘ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी’ असा देऊ नका. तसं म्हटलं की तो कुणी घेतच नाही.

‘आयुष्यातला सर्वांत महत्त्वाचा प्रसंग’ असा विषय तर पहिल्या सत्रात देऊच नये. तो प्रसंग बहुतेकदा जखमेचा असतो आणि ताजी जखम हाताळायला लागणारं कौशल्य तेव्हा हातात आलेलं नसतं. आधी कुलूप, चष्मा, घडी. मोठं काही आणायचं असेल तर ते विद्यार्थी स्वतः आणेल, त्याला वाटेल तेव्हा.

प्रश्न : अनुभवावरच्या कामाला गुण द्यायचे कसे? एकाने अपघातावर काम केलं, दुसऱ्याने बुटाच्या नाडीवर. अपघाताला कमी गुण द्यायला हात धजत नाही.

उत्तर : अपघाताला गुण नाहीतच, आणि नाडीलाही नाहीत. गुण आहेत ते अनुभवाचं काम कसं झालं याला. 100 पैकी अशी वाटणी करून पाहा : नोंदीची बारकाई 35, नोंदीपासून कामापर्यंतचं रूपांतर 35, माध्यमावरची पकड 20, मांडणी आणि प्रश्नांना उत्तरं 10. वही कामासोबतच जमा करून घ्यायची. नाहीतर पहिल्या 35 गुणांना आधारच राहत नाही.

एक चाचणी फार उपयोगी पडते. कामाखालची माहिती लिहिलेली पट्टी झाकून आधी दहा मिनिटं काम पाहायचं, मग पट्टी वाचायची. पट्टी वाचल्यावरच काम मोठं वाटायला लागलं, तर वजन हकिगतीचं आहे. पट्टीला 30 शब्दांची मर्यादा घातली की हा मोह पुष्कळ कमी होतो. नाडीच्या कामात पट्टी झाकूनही गाठ पडताना बसलेला ताण जाणवत असेल, तर त्याला जास्त गुण मिळायलाच हवेत आणि हात धजायलाच हवा. अपघातवाल्या मुलाला कारण मात्र नीट सांगा : ‘तुझ्या अनुभवाला हे गुण नाहीत. वहीत रस्त्यावरच्या काचांचा आवाज आहे, तो चित्रात आला नाही, त्याचे हे गुण.’

प्रश्न : मी नृत्य शिकवते. चित्रकारांसारख्या नोंदवह्या आमच्याकडे टिकत नाहीत. रोजच्या हालचाली वर्गात आणायला दुसरा काही मार्ग?

उत्तर : तुमच्याकडे तर जुनाच मार्ग आहे. नृत्यदिग्दर्शक आणि हालचालींचे अभ्यासक रुडॉल्फ लाबान यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमधल्या कारखान्यांत कामगारांच्या हालचालींचा अभ्यास केला. उद्योग-सल्लागार एफ. सी. लॉरेन्स यांच्यासोबत त्यांनी तो 1947 मध्ये पुस्तकरूपाने मांडला. जोर, वेळ आणि दिशा यांच्या मेळातून त्यांच्या पद्धतीत आठ मूळ क्रिया येतात. त्यांतली एक म्हणजे पिळणं. जोर जास्त, वेग संथ, वाट वळणाची.

तीच घ्या. दोघांत एक सुती टॉवेल, एक बादली. पाण्याचं काम तालमीच्या लाकडी जमिनीपासून लांब करा, पाय घसरतात. दहा मिनिटं खरोखर पिळायचं, थकेपर्यंत. मग हात पुसून टॉवेलशिवाय तेच करायचं. जोडीदाराने सांगायचं की काय नाहीसं झालं. बहुतेकदा कोपर आधी सैल पडतं, मग मागच्या पायावरचा भार जातो. उरतात ती फिरणारी मनगटं. तो भार परत येईपर्यंत पुढे जाऊ नका. तो आला की क्रिया आठ मात्रांत बसवायची, मग मनगटाऐवजी कमरेच्या वरच्या धडाने करायची. शेवटी एकच घटक बदलायचा : जोर तोच, वाट तीच, पण संथऐवजी झटकन. पिळणं संपून फटकारणं सुरू होतं. अर्थ कसा बदलतो हे विद्यार्थ्यांना इथे अंगातून कळतं.

बघणारा ‘कपडे पिळतेय’ असं म्हणाला तर समजायचं की अजून मूकाभिनयच चाललाय. ‘हिला काहीतरी सोडवत नाहीये’ असं म्हणाला तर नृत्य सुरू झालं.

प्रश्न : कलेच्या इतिहासाच्या तासाला अनुभव कसा आणायचा? तिथे तर स्लाइड आणि सनावळ्या.

उत्तर : सनावळ्या राहू द्या, क्रम बदला. आधी करायचं, मग पाहायचं. 90 मिनिटांच्या तासातली पहिली 20 मिनिटं विद्यार्थ्यांनी एका सुरईतून भांड्यात पाणी ओतावं, धार जमेल तेवढी बारीक ठेवून. आधार कुठल्या हाताचा, नजर कुठे, श्वासाचं काय होतं, हे टिपावं. मग डच चित्रकार व्हर्मीरचं दूध ओतणाऱ्या बाईचं चित्र लावा. साधारण 1658 चं, मापाने जेमतेम 45 बाय 41 सेंटिमीटर. एक हात सुरईच्या कानाला, दुसरा बुडाला, नजर धारेवर. ज्यांनी आत्ताच बारीक धार सांभाळली त्यांना त्या बाईची स्थिरता नुसती शांत वाटत नाही, तो मेहनतीचा तोल आहे हे दिसतं. उलट क्रमाने केलं, चित्र आधी दाखवलं, की सगळे तिच्यासारखे उभे राहतात आणि नोंदी फुकट जातात.

अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन ड्युई यांनी 1934 मध्येच कला आणि रोजचं जगणं यांच्यातली भिंत पाडायचा आग्रह धरला होता. त्यांचा उतारा वाचायला द्यायचा असेल तर या तासानंतर द्या. आधी दिला तर तो फक्त परीक्षेपुरता पाठ होतो.

प्रश्न : मी मूर्तिकलेचा विद्यार्थी. संध्याकाळी एका दुकानात साफसफाई आणि माल लावायचं काम करतो. इतरांना स्टुडिओत वेळ मिळतो, मला नाही. माझ्या जगण्यात कलेचं असं काही नाही.

उत्तर : अमेरिकन कलावंत मिर्ले लॅडरमन युकेलिस यांनी नेमक्या याच अडचणीवर 1969 मध्ये जाहीरनामा लिहिला. मूल झाल्यावर दिवस पुसण्या-आवरण्यात जायला लागला, तेव्हा हे आवरणंच माझी कला, असं त्यांनी जाहीर केलं. पुढे 1979-80 मध्ये न्यूयॉर्कच्या सुमारे 8,500 सफाई कामगारांशी त्यांनी एकेक करून हस्तांदोलन केलं.

त्यांची नक्कल करू नकोस. तुझ्याकडे जे आहे ते बघ. खोका उचलण्याआधी तो किती जड असेल याचा अंदाज तुझे हात बांधतात. रचलेली थप्पी कुठल्या उंचीला डगमगते हे तुला न मोजता कळतं. मूर्तिकाराला वजन आणि तोल शिकायला वर्षं लागतात आणि तुझी तालीम रोज चालू आहे. आठवडाभर फक्त डगमगणाऱ्या थप्प्या टीप : किती खोके, कुठला खाली, कधी पडली. मग रिकामे पुठ्ठे घेऊन पडायच्या क्षणाच्या अलीकडे थांबलेली एक रचना कर. जागा कमी लागेल, खर्च जवळजवळ नाही. शिक्षकांनाही सांग की कामाचे तास नोंदीचे तास म्हणून धरावेत. चांगला शिक्षक नाही म्हणणार नाही.

प्रश्न : घरातल्या माणसांचे आवाज, फोटो कामात वापरले तर परवानगी लागते का?

उत्तर : घ्यावीच, आणि दोनदा घ्यावी : टिपताना एकदा आणि पूर्ण झालेलं काम दाखवून एकदा. पहिल्या वेळी ‘हो’ म्हणणारी माणसं दुसऱ्या वेळी ‘हे नको’ म्हणतात, तेव्हा तेवढा भाग काढायचा. लहान मुलांच्या बाबतीत पालकांना विचारायचं आणि मुलालाही. झोपलेल्या माणसाचा फोटो तो उठेपर्यंत वापरायचा नाही. ध्वनिमुद्रण करताना पलीकडच्या खोलीतलं फोनवरचं बोलणं हमखास आत येतं, म्हणून सादरीकरणाआधी हेडफोन लावून पूर्ण फाइल एकदा शेवटपर्यंत ऐकावी.