अडतीच्या सॉफ्टवेअरमधला मराठी आकड्यांचा भाग ओपन सोर्स करावा का?

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या हळद अडत्यांसाठी तुम्ही सॉफ्टवेअर केलंय आणि त्यातला रक्कम अक्षरी लिहिणारा भाग ओपन सोर्स करावा का, म्हणजे त्याचा कोड सगळ्यांना वाचायला-वापरायला खुला करावा का, असं विचारलंय. जरूर करा. अडत्या पैसे मोजतो ते हमाली-तोलाई वजा होऊन शेतकऱ्याची हिशेबपट्टी बिनचूक निघते म्हणून. तो भाग स्वतःकडेच ठेवा.

आकड्यांचं तसं नाही. मराठीत शंभरपर्यंत जवळजवळ प्रत्येक आकड्याचं नाव वेगळं पाठ करावं लागतं. ती यादी मी हाताने टाईप केलीय, ७९ ला 'एकोणऐंशी'ऐवजी 'एकोणनव्वद' पडलं आणि ते महिनाभर कुणाच्या लक्षात आलं नाही. खुल्या कोडमध्ये अशी चूक कुणाच्या तरी नजरेस पडण्याची शक्यता जास्त.

फक्त जुनी गिट हिस्टरी, म्हणजे कोडमधल्या आधीच्या बदलांची नोंद, चढवू नका, तिच्यात अनेकदा पासवर्ड राहिलेले असतात. नवी रेपो (कोडचा साठा) करा. एवढ्या छोट्या भागाला एमआयटी लायसन्स, म्हणजे कुणालाही कोड वापरू-बदलू देणारा छोटा परवाना, पुरे. मात्र एकदा दिलेली परवानगी त्या आवृत्तीपुरती परत घेता येत नाही. आणि कोड नोकरीत असताना लिहिला असेल तर आधी मालकाशी बोला: १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार, वेगळा करार नसेल तर हक्क त्यांचा.