वाचकांचे प्रश्न : डेस्कटॉप मोडीत काढावा का?

प्रश्न : आर्णी तालुक्यातील एका गावात माझे झेरॉक्स, ऑनलाइन अर्ज आणि हिशेबलेखनाचे दुकान आहे. जुना डेस्कटॉप अलीकडे सुरू केला की तारीख मागे गेलेली दिसते आणि संकेतस्थळे उघडत नाहीत. विक्रेत्याचे म्हणणे असे, की डेस्कटॉपचा जमाना संपला, वीज गेली तरी चालणारा लॅपटॉप घ्यावा. काय करावे?
– एक वाचक, जि. यवतमाळ

उत्तर : तारीख मागे जाणे हे बहुधा मदरबोर्डवरील नाण्याएवढा सेल संपल्याचे लक्षण आहे. तारीख चुकली की संकेतस्थळांची सुरक्षा-प्रमाणपत्रे ग्राह्य धरली जात नाहीत, म्हणून ती उघडत नाहीत. सीआर 2032 हा सेल किरकोळ किमतीत मिळतो आणि तेवढ्यासाठी यंत्र बदलण्याचा सल्ला देणाऱ्याचे हित कशात आहे, हे आपण जाणताच.

आपले काम दिवसभर एकाच टेबलावर चालते. प्रिंटर, स्कॅनर, अंगठ्याचे यंत्र असे सारे एकाच वेळी जोडलेले असते. अशा कामाला डेस्कटॉपच सोयीचा, कारण त्यात एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा), रॅम, पंखा किंवा डिस्क यांपैकी जे बिघडेल तेवढेच तालुक्याच्या ठिकाणी बदलून मिळते, तर अनेक पातळ लॅपटॉपांत रॅम मदरबोर्डलाच कायमची जोडलेली असते. शिवाय मे महिन्यात पारा 45 अंशांवर गेल्यावर टिनाखालच्या दुकानात लॅपटॉपच्या अरुंद जागेतली उष्णता लवकर बाहेर पडत नाही, प्रोसेसर आपला वेग आपणच कमी करतो आणि सतत चार्जिंगला लावलेली बॅटरी अशा उष्म्यात लवकर खराब होते, प्रसंगी फुगतेही. कूलरचा झोत मात्र डेस्कटॉपवरही थेट घेऊ नये; ओलसर हवेत धूळ पंख्याला चिकटून बसते. जवळ जिनिंग असेल तर कापसाच्या तुसासाठी हंगामात अधूनमधून कॅबिनेट उघडून ब्लोअर मारावाच लागेल.

विजेचा मुद्दा मात्र खरा आहे. मॉनिटरसह साधा डेस्कटॉप 100 वॉटच्या आसपास वीज घेतो. लहान यूपीएसवर काम जतन करून यंत्र बंद करण्याइतका अवधी मिळतो. घरातला इन्व्हर्टर वापरायचा असेल, तर त्याच्या मागचे बटण ‘यूपीएस’ बाजूला आहे ना, ते पाहावे. एरवी बॅटरीवर जाताना लागणाऱ्या क्षणभरात संगणक पुन्हा सुरू होतो आणि अर्धा भरलेला अर्ज जातो.

आता एक अडचण. विंडोज 10 ला मिळणारी नियमित सुरक्षा-अद्यतने 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपली, आणि विंडोज 11 साठी टीपीएम 2.0 (सुरक्षेची सोय) तसेच इंटेलचा असल्यास साधारणतः आठव्या पिढीचा वा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. आपल्या यंत्रात हे दोन्ही असेल तर एसएसडी (वेगवान डिस्क) व 8 जीबी रॅम टाकून काम भागेल. नसेल तर ग्राहकांची आधार व बँकेची माहिती हाताळणाऱ्या दुकानात ते यंत्र ठेवू नये, नवा डेस्कटॉपच घ्यावा आणि मॉनिटर, कीबोर्ड जुनेच वापरावेत.

गावोगावच्या शिबिरांना जाऊन अर्ज भरत असाल, तरच लॅपटॉपचा विचार करावा.