थंडीत सगळं मंदावतं, मग द्रवरूप हीलियम-३ (हीलियमचा हलका प्रकार) मध्ये स्पिन, म्हणजे अणूंचा चिमुकल्या चुंबकासारखा गुणधर्म, उलट आणखी वेगानं का पसरतो?

मंदावतं ते साध्या द्रवांत. हीलियम-३ चे अणू फर्मिऑन, म्हणजे पाउलीच्या नियमानं एका अवस्थेत एकच अणू. खालच्या अवस्था भरल्या की वरच्या अणूंना निरपेक्ष शून्याजवळही सेकंदाला साठेक मीटर वेगानं धावावंच लागतं. हा वेग थंडीनं फारसा बदलत नाही. कमी होतात त्या टकरा, म्हणून अणू आपला स्पिन घेऊन न अडता लांब जातात.

टक्कर व्हायची तर नंतर दोन्ही अणूंना रिकामी अवस्था मिळायला हवी, आणि ती असते फक्त फर्मी पातळीजवळच्या, म्हणजे भरलेल्या अवस्थांच्या वरच्या काठाजवळच्या, पातळ थरात. थराची जाडी तापमानाच्या प्रमाणात. जोडीदार याच थरातला हवा, टकरीनंतरची जागाही इथलीच, म्हणून टकरांचा दर तापमानाच्या वर्गानुसार घटतो. तापमान निम्मं केलं की विसरण गुणांक (स्पिन किती झपाट्यानं पसरतो त्याचं माप) चौपट! अर्थात हा हिशेब काही दशक मिलिकेल्विनच्या (केल्विनचा हजारावा भाग) खाली चालतो आणि अतिप्रवाही, म्हणजे घर्षणाशिवाय वाहणारी, अवस्था येईपर्यंतच; ती शून्य दाबाला साधारण ०.९ मिलिकेल्विनवर येते.

हे पसरणं मोजतात स्पिन एकोनं, म्हणजे स्पिनच्या प्रतिध्वनीनं. चुंबकीय क्षेत्र मुद्दाम एका बाजूला चढतं ठेवायचं, रेडिओ लहरींच्या एका पल्सनं स्पिन आडवे करायचे, थोडं थांबून दुसऱ्या पल्सनं उलटवायचे. जागचे न हललेले स्पिन पुन्हा एका तालात येतात आणि सिग्नल उठतो. भटकलेले ताल चुकतात, सिग्नल तेवढा बारीक होतो.

मला विचाराल तर खरी गंमत यापुढे आहे. १९६८ मध्ये लेगेट आणि राइस या भौतिकशास्त्रज्ञांनी दाखवलं की टकरा विरळ झाल्या की वाहणारा स्पिन शेजाऱ्यांच्या एकत्रित क्षेत्राभोवती फिरू लागतो. मग प्रवाह उताराच्या दिशेनं सरळ न जाता तिरका वळतो, आणि एकोची उंची पहिल्या पल्सच्या कोनावरही ठरते. साध्या विसरणात असं होत नाही. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात हे प्रयोगातही दिसलं.

उलट टोक, म्हणजे टकरा भरपूर असलेली स्थिती, पाहायचं तर २०११ चा एमआयटीतला लिथियम-६ वायूचा प्रयोग वाचा. तिथं परस्परक्रिया कमालीची तीव्र होती. दोन विरुद्ध स्पिनांचे ढग एकमेकांवर सोडले तर ते मिसळायच्या ऐवजी उसळून मागे फिरले. आणि विसरण गुणांक प्लांकचा स्थिरांक (२π नं भागलेला) भागिले अणूचं वस्तुमान, याच्या काही पटींखाली उतरला नाही.