सुबाभळीचा बुडखा तोडला तरी पुन्हा फुटतो, कायमचा कसा काढावा?

अंबाजोगाईत घरामागे, कंपाउंडच्या भिंतीला लागून सुबाभूळ होती, ती तोडली. बुडख्यावर मीठ टाकलं, डिझेल ओतलं, तरी दर पावसाळ्यात धुमारे येतातच, असं तुम्ही लिहिलंय. मीठ आणि डिझेल आजपासून बंद करा, ही कळकळीची विनंती. मिठातल्या सोडियममुळे काळी माती चोपण होते, तिच्यात पाणी मुरत नाही. झाड मरण्याआधी जमीन मरते. शेजारी बोअर किंवा आड असेल तर डिझेल पाण्यात उतरायचीही भीती.

सुबाभूळ मरत नाही याचं कारण जमिनीखाली आहे. सोटमूळ म्हणजे तिची भरलेली कणगी. वरचं खोड गेलं की बुडख्याच्या सालीखालचे झोपलेले डोळे जागे होतात आणि मुळातल्या साठ्यावर फुटवे वर येतात. पानं मोठी झाली की तीच साठा पुन्हा भरून काढतात. तुम्ही वर्षातून एकदा तोडता, म्हणजे मधल्या सगळ्या काळात तिला भरपूर कमाई करू देता.

म्हणून फुटवा वीतभर झाला की लगेच काढायचा. कोयत्याने छाटू नका, राहिलेल्या खुंटीतून दोनाचे चार येतात. कोवळा असतानाच बुडाशी धरून खाली ओढा, डोळ्यासकट निघतो. पावसाळ्यात दर आठ-दहा दिवसांनी फेरी मारा. पुढच्या वर्षी फुटवे बारीक आणि पिवळट येऊ लागले की समजा, साठा संपत आला. काढलेला पाला शेळ्यांना घाला, आवडीने खातात. फक्त त्यात मिमोसिन नावाचा विषारी घटक असतो, म्हणून निव्वळ त्याच्यावर जनावर ठेवू नये. घोड्या-गाढवाला तर देऊच नका, आयाळ आणि शेपटीचे केस गळतात.

एवढा धीर नसेल तर खणून काढा, पण वेळ साधा. मे महिन्यात काळ्या मातीत टिकाव उसळून परत येतो, आणि ऐन पावसात सगळा राडा होतो. पोळ्यानंतर चार दिवस उघडीप मिळाली की वाफसा येतो, म्हणजे माती ना चिखल ना कोरडी अशी होते, तेव्हा खणा. बुडख्याभोवती हातभर खोल चर घ्या, बाजूच्या मुळ्या कुऱ्हाडीने तोडा, मग पहार घालून हलवा. सोटमूळ अख्खं निघत नाही आणि निघायची गरजही नाही. खोड आणि मूळ जिथे जुळतात त्याच्या चांगलं खाली तोडलं की पुरे, कारण डोळे त्या वरच्या भागातच असतात. खड्डा काळ्या मातीने भरू नका. ती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते, आणि भिंत तुमची आहे. मुरूम टाका, थराथराने पाणी मारून धुमसाने ठोकून घट्ट करा.

मुळी भिंतीच्या पायाखाली गेलेली असेल तर मात्र ओढाओढ नको, जेसीबी तर नकोच. तिथे बुडखा जमिनीसरशी कापा, भोवतीची माती उकरून साल खालपर्यंत सोलून काढा, पांढरं लाकूड उघडं पाडा आणि फुटवे काढत राहा. मेल्यावर लाकूड वाळवी खाते. पण घर इतकं जवळ असताना वाळवीवर लक्ष हवं, तिथून ती चौकटीला लागते.

औषध लावून बुडखा मरेल का, असंही विचारलंत. ताज्या कापावर, लगेच, सालीच्या आतल्या कडेला ब्रशने तणनाशक लावलं तर ते मुळात उतरतं. आठवड्यापूर्वी कापलेल्या वाळक्या खोडावर ओतणं म्हणजे पैसा वाया. मात्र 2022 मध्ये केंद्र सरकारने ग्लायफोसेट या तणनाशकाचा वापर पेस्ट कंट्रोलवाल्यांपुरता मर्यादित केला, त्यामुळे लावायचंच असेल तर त्यांच्याकडूनच लावून घ्या. ज्वारी-उसातलं टू-फोर-डी हे तणनाशक घरात उरलंय म्हणून ते वापरायचा विचार असेल तर सोडा. कापूस त्याला फार नाजूक. ते ज्या पंपात भरलं त्याच पंपाने नंतर कापसावर फवारणी झाली, तर पंपात राहिलेल्या अंशानेही पानं आकसून चिंचोळी होतात. घराजवळच्या एका बुडख्यासाठी मी तरी औषधाच्या वाटेला जाणार नाही, हातानेच काम होतं.

हिंग भरल्याने झाड वाळतं असं आपल्याकडे सर्रास सांगतात. त्यावर विसंबू नका.

आणि एक. बुडख्यापासून लांब, अंगणात कुठेही रोप दिसलं तर ते मुळीतून आलेलं नसतं, बियांचं असतं. सुबाभळीचं बी कडक सालीचं, मातीत वर्षानुवर्षं टिकतं, त्यामुळे बुडखा मेल्यावरही रोपं येत राहतील. पहिल्या पावसानंतर ओल्या मातीतून ती दोन बोटांनी उपटून निघतात. गुडघ्याएवढी झाली की पुन्हा टिकाव लागतो.