लोकरी माव्यावर औषध मारण्याआधी पान उलटून बघा

प्रश्न (वाळवा तालुका): आडसाली उसात पानांखाली पांढरा मावा भरलाय, खालची पाने काळी पडलीत. दुकानदाराने दोन औषधे आणि टॉनिक एकत्र करून दिले. दोनदा फवारले, तरी पंधरवड्यात पहिल्यापेक्षा जास्त. आता कोणते मारू?

उत्तर: कोणतेच नाही. हा लोकरी मावा, म्हणजे पानाचा रस शोषणारी कीड. त्याची मादी नराशिवाय जिवंत पिल्ले देते. आतल्या सरीत चार वाचल्या तरी रान पुन्हा भरते. शिवाय दहा फुटी उसात पाठीवरच्या पंपाने पानाची खालची बाजू भिजते कुठे? भिजतात कडेच्या ओळी आणि फवारणाऱ्याचे तोंड. माव्याला खाणारे मित्रकीटक मुळात थोडे असतात. ते पहिल्या फवाऱ्यातच जातात आणि त्यांची पैदास माव्याइतकी झपाट्याने होत नाही. तुम्ही पैसे मोजून माव्याची वाट मोकळी केलीत. दोन औषधांचे मिश्रण दुकानदाराच्या सांगण्यावरून कधीही करू नका. टॉनिकचा तर इथे संबंधच नाही.

2002 च्या पावसाळ्यात हा मावा सांगली जिल्ह्यात दिसला आणि बघता बघता कर्नाटकात पोचला. ईशान्य भारतात तो आधीपासून होता, पण आपल्या रानात त्याला आवरणारे पुरेसे नव्हते. त्या वेळी लोकांनी फोरेट हे जहाल कीटकनाशक ओतले. आज फोरेटवर बंदी आहे. कुणी जुना साठा काढून देत असेल तर घेऊ नका. मावा खरा आटोक्यात आला तो डिफा आणि मायक्रोमस हे माव्याला खाणारे मित्रकीटक वाढल्यावर. ईशान्येतून आणलेल्या एन्कार्शिया या सूक्ष्म परोपजीवी कीटकाचीही पुढे मदत झाली.

म्हणून आधी पान उलटा. माव्याच्या थरात रेशमी जाळी आणि तिच्यात हिरवट-करडी अळी दिसली तर तो डिफा. बारीक, दोन्ही टोकांना निमुळती, तपकिरी अळी म्हणजे मायक्रोमस. या दिसत असतील तर पंप घरीच ठेवा. मित्रकीटक नेहमी माव्याच्या मागून वाढतात, आधी नाही. खाणे असल्याशिवाय ते वाढणार कसे? त्यामुळे मावा सर्वांत जास्त दिसतो तेव्हाच डिफा चढाला लागलेला असतो, आणि नेमका त्याच आठवड्यात शेतकरी घाबरून दुकानात जातो. त्या आठवड्यात फवारू नका. पुन्हा सांगतो, त्या आठवड्यात फवारू नका.

मित्रकीटक अजिबात नसतील तर हेक्टरी डिफाच्या 1000 किंवा मायक्रोमसच्या 2500 अळ्या सोडा. कारखान्याच्या शेतकी विभागाकडे चौकशी करा. शेजारच्या मावा लागलेल्या प्लॉटात डिफा असेल तर अळ्या-कोष असलेले पानाचे तुकडे कापून आपल्या माव्याच्या पानांना टाचा. सोडल्यावर औषध बंद म्हणजे बंद. मावा नसलेल्या रानात मात्र असली पाने किंवा वाढे नेऊ नका.

प्रश्न (शिरोळ तालुका): मावा कमी झाला, पण थोडा शिल्लक आहे. एक शेवटचा हात मारून संपवू का?

उत्तर: नको. थोडा मावा राहू द्या, त्यावरच डिफा तग धरतो. मावा पुरता संपवलात तर डिफाही उपाशी जाईल आणि पुढच्या ढगाळ, दमट हवेत वाऱ्यावर पंखवाला मावा आला की अडवायला कुणी नसेल. हात आवरायचाच असेल तर युरियाचा आवरा. ऊस काळाभोर दिसावा म्हणून शिफारशीपेक्षा जास्त नत्र दिलेल्या प्लॉटातच मावा जोर धरतो, हे मी गावोगाव बघतो. दुकानदार जादा पोते देईल, परत घेणार नाही.

प्रश्न: तोडणीनंतर पाचट जाळले तर कीड मरेल ना? पाचट कुट्टी यंत्राला अनुदान आहे का?

उत्तर: जाळू नका. पाचटात ढालकिडे आणि कोळीही असतात, तेही जळतात. एकाआड एक सरीत पाचट ठेवा, वर युरिया, सुपर फॉस्फेट आणि पाचट कुजवणारे जिवाणू टाकून पाणी द्या. ओल टिकते, तण दबते, खोडव्याला सेंद्रिय खत फुकटात. माझ्या हातात असते तर काडेपेटी शिवारात येऊच दिली नसती. अनुदान आहे: महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर अर्ज, फार्मर आयडी आणि आधार जोडलेले खाते लागेल. पूर्वसंमती मिळाल्यावरच यंत्र घ्या, आधी घेतलेल्या बिलावर पैसे मिळत नाहीत.