तिसरी फाइल पाठवावी का?

फ्रीलान्स काम धरावं की सोडावं, याबद्दल या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी ही चार.

एका अनुवाद एजन्सीकडे माझ्या दोन बिलांचे ३८,००० रुपये थकलेत. आता ९०,००० चं नवं काम देतायत, "सगळं एकदम क्लिअर करू" म्हणतात. नाही म्हटलं तर आधीचेही बुडतील का? – अनुवादिका, नाशिक

ही भीतीच तुमच्याकडून तिसरं काम करून घेते. ३८,००० मिळणं त्यांच्या दानतीवर आणि तुमच्या पाठपुराव्यावर आहे. नवं काम केल्याने तेवढंच होईल की अडकलेली रक्कम १,२८,००० वर जाईल. सुरुवातीच्या काळात मीही आधीचे पैसे निघावेत म्हणून एकाला शेवटचा भाग करून दिला होता. ते पैसे आजतागायत आले नाहीत.

संबंध तोडू नका, काम थांबवा. ईमेलवर दोनच वाक्यं लिहा: "आधीची दोन बिलं जमा झाली की दुसऱ्या दिवशी काम सुरू करते. नव्या कामाचे निम्मे पैसे आगाऊ लागतील." कारणं देऊ नका, माफी तर मुळीच मागू नका. खरंच काम करून हवं असेल तर चार-पाच दिवसांत काहीतरी हालचाल होते. नुसतं "अहो, विश्वास ठेवा" आलं, तर सोडा.

आणखी एक करा. आयकर पोर्टलवर तुमचा २६एएस, म्हणजे तुमच्या नावावर जमा झालेल्या कराचा तक्ता, उघडा आणि एजन्सीच्या नावाने टीडीएस (पैसे देणाऱ्याने कापून भरलेला कर) जमा झालाय का बघा. झाला असेल तर तुमचं बिल त्यांच्या वहीत चढलंय. मग "बिल मिळालंच नाही" म्हणायला जागा उरत नाही.

पुढच्यासाठी उद्यम नोंदणी, म्हणजे लहान व्यावसायिकांची सरकारी नोंदणी, आजच करून टाका. ती ऑनलाइन होते, फुकट होते. २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे नोंदणी असलेल्या लहान व्यावसायिकाचं बिल लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत, आणि करारात मुदत नसेल तर १५ दिवसांत चुकतं करावं लागतं. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. दाद फॅसिलिटेशन कौन्सिलकडे, म्हणजे अशा थकबाकीचे वाद सोडवणाऱ्या सरकारी मंडळाकडे, मागता येते. पण नोंदणी काम घेण्याआधीची हवी. बिल तुंबल्यावर धावपळ करून फारसा उपयोग होत नाही.

लग्नाचं शूट मिळालंय. कार्यालय उजळाईवाडी विमानतळाच्या अगदी जवळ आहे. पार्टी म्हणते ड्रोन हवाच, "काही होत नाही". माझ्याकडे ड्रोन आहे, पायलट प्रमाणपत्र नाही. – छायाचित्रकार, कोल्हापूर

ड्रोन उडवू नका. पैसे घेऊन शूट केलं की तो व्यावसायिक वापर झाला, आणि २५० ग्रॅमच्या वरच्या ड्रोनला त्यासाठी प्रमाणपत्र लागतं. विमानतळाजवळ वेगळी परवानगीही लागते. ड्रोन नियम, २०२१ नुसार दंड १ लाखापर्यंत होऊ शकतो. पंखा कुणाच्या डोळ्याला लागला तर "काही होत नाही" म्हणणारे मामा-काका त्या वेळी तुमच्या शेजारी उभे राहणार नाहीत. बाकीचं शूट घ्या. ड्रोनसाठी प्रमाणपत्र, विमा आणि परवानगी असलेला माणूस पार्टीने वेगळा लावावा. त्यावर पार्टी मोडली तर मोडू द्या.

घरबसल्या डेटा एंट्रीचं काम ऑनलाइन सही करून घेतलं. आता "अचूकता कमी आली, ६,५०० भरा, नाहीतर कोर्ट केस" अशी वकिलाची नोटीस व्हॉट्सॲपवर आलीय. घरी सांगायची हिंमत होत नाही. – विद्यार्थिनी, लातूर

बाळा, आज जेवायच्या आधी घरी सांग. ही फसवणूक आहे. अचूकतेची अट कुणालाच पुरी करता येऊ नये अशी ठेवलेली असते आणि त्यांची कमाई तुमच्या घाबरण्यावर चालते. एक रुपयाही भरू नकोस. एकदा भरलास की दुसरी नोटीस येईल. स्क्रीनशॉट आणि नंबर जपून ठेव, १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन कर किंवा सायबरक्राइम पोर्टलवर तक्रार नोंदव. यात तुझी काहीही चूक नाही.

वेबसाइटच्या कामाचा निम्मा ॲडव्हान्स घेतलाय, पण क्लायंट रोज रात्री अकरानंतर फोन करून शिव्या देतो. सोडलं तर नाव खराब होईल का? – डेव्हलपर, पुणे

सोडा. मात्र काम अर्धवट टाकून गायब होऊ नका. किती झालं, किती राहिलं ते लिहून काढा. ॲडव्हान्सपेक्षा काम कमी झालं असेल तर फरक परत करा. कोड आणि पासवर्ड रीतसर सोपवा, ते अडवून धरू नका, नाहीतर तक्रार तुमच्यावरच उलटेल. हे सगळं ईमेलवर करा. रात्री अकराचा फोन आजपासून उचलू नका.